तपासले किती ते कळले. पुढे काय झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर आला की स्तनांच्या कर्करोगाची शिबिरे, जानेवारीत गर्भाशयमुखाची, ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिनाची फेरी, ३१ मेला तंबाखू सोडण्याची शपथ. आपल्या नाशिक आवृत्तीत या सगळ्याच्या बातम्या येतात आणि त्यांत एक आकडा हमखास असतो: इतक्या महिलांची तपासणी झाली. कधी दुसराही असतो, इतक्या संशयित आढळल्या. तिसरा आकडा मात्र क्वचितच वाचायला मिळतो. त्या संशयितांपैकी किती जणींची बायोप्सी (संशयाच्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासणे) झाली, आणि किती दिवसांत? आम्ही हे पत्र लिहीत आहोत ते या तिसऱ्या आकड्यासाठी.

तपासणीचा उपयोग होतो की नाही, यावर वाद घालायचे कारण उरलेले नाही. पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला आणि २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची (या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची) चाचणी केली होती, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कर्मचारी स्त्रियांनी ॲसिटिक ॲसिडची साधी तपासणी केली (गर्भाशयमुखाला पातळ ॲसिड लावून पांढरा पडणारा डाग डोळ्यांनी पाहायचा), तिथे हे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच कामात हाताने केलेल्या स्तनतपासणीचा फायदा पन्नाशीपुढच्या स्त्रियांत ठळक दिसला, त्याआधीच्या वयात तेवढा नाही. या अभ्यासांत तपासणारे हात साधेच होते. मात्र काही आढळलेल्या बाईला पुढच्या तपासणीपर्यंत नेण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरलेले होते. आपण त्यांच्याकडून तपासणी उचलली आणि ही जबाबदारी तिथेच सोडून आलो.

केंद्राने २०१६ साली तिशीपुढच्या सगळ्यांच्या तोंडाची आणि स्त्रियांच्या स्तनांची व गर्भाशयमुखाची दर पाच वर्षांनी तपासणी करायची असे ठरवले. त्यानंतरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के, स्तनांची आणि तोंडाची प्रत्येकी ०.९ टक्के. तेव्हा तपासण्या वाढायलाच हव्यात. फक्त त्या कशा होतात, हेही पाहू.

सोपे गणित करा. दोन तासांचे शिबिर, एक परिचारिका, बातमीत दोनशे महिला. एकीच्या वाट्याला ३६ सेकंद येतात. स्तनांची नीट तपासणी बसवून आणि झोपवून, दोन्ही बाजू, दोन्ही काखा आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरची जागा चाचपून करायची तर सहा-सात मिनिटे लागतात. गर्भाशयमुखाच्या तपासणीला बाईला टेबलावर घेण्यापासून दहा मिनिटे धरा. एक टेबल, एक प्रशिक्षित परिचारिका, चांगला उजेड आणि पडदा असेल तर दिवसाला वीस-पंचवीस बायका होतात. याहून मोठा आकडा छापून आला तर त्या दिवशी साखर आणि रक्तदाब तपासला गेला, एवढेच समजावे. तेही चांगले काम आहे, पण ती कर्करोगाची तपासणी नव्हे.

ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीत चुकते ते अगदी क्षुल्लक ठिकाणी. द्रावण ५ टक्क्यांचे हवे: ५ मिलि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि ९५ मिलि डिस्टिल्ड वॉटर. ते रोज सकाळी नवे करायचे आणि उरलेले संध्याकाळी टाकून द्यायचे. चार दिवस बाटलीत राहिलेल्या द्रावणाचा जोर गेलेला असतो; त्याने काही पांढरे पडत नाही आणि सगळ्या बायका ‘नॉर्मल’ निघतात. उलट न मिसळलेले ॲसिड चुकून लागले तर भाजते, म्हणून मूळ बाटली तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवायचीच नाही. द्रावण लावल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचे. रांग मोठी असली की हेच मिनिट आधी कापले जाते. पाळी चालू असताना तपासणी होत नाही, तेव्हा पुढची तारीख त्याच वेळी लिहून द्यावी लागते. पाळी गेलेल्या स्त्रियांत पेशींचा जो पट्टा पाहायचा असतो तो आत सरकतो आणि डोळ्यांना दिसत नाही. त्यांना ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवणे ही चूकच. अशा स्त्रियांना पॅप (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची) किंवा एचपीव्ही चाचणी हवी. क्षयरोगासाठी जी सीबीनॅट यंत्रे आली, त्यांवर एचपीव्हीचीही कार्ट्रिज चालते, आणि तिचा नमुना बाई आडोशाला जाऊन स्वतः घेऊ शकते. टेबलावर चढायलाच ज्या तयार नसतात, त्यांच्यासाठी याहून सोपा मार्ग आज तरी नाही. यंत्र, कार्ट्रिज आणि नमुन्यासाठीचा ब्रश या तीन गोष्टी एका ठिकाणी आणायचे काम तेवढे बाकी आहे. आणि एखाद्या केंद्राने वर्षभरात काहीशे बायका तपासून एकही पॉझिटिव्ह दाखवली नसेल, तर कौतुकाचे पत्र न देता तिथे प्रशिक्षक पाठवावा.

तोंडाच्या कर्करोगाचे तर दुर्दैव असे की तो डोळ्यांना दिसतो आणि तरी सुटतो. सामान फार लागत नाही: डोक्याला बांधायची बॅटरी, दोन लाकडी पट्ट्या, हातमोजे, गॉजचा तुकडा. ओठ, मग दोन्ही गाल आतून, मग खालचा ओठ आणि गाल ओढून हिरडी व गालामधली खाच, जिथे तंबाखूची गोळी धरली जाते. आपल्याकडचा आजार बहुतेक तिथेच सुरू होतो आणि घाईत नेमकी तीच जागा राहते. मग जीभ गॉजने धरून दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू; शेवटी बोटाने चाचपणे आणि मानेतल्या गाठी. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (हा जास्त घातक), तीन आठवड्यांत न भरलेले व्रण, आणि स्वतःची तीन बोटे उभी घालता येणार नाहीत इतके आखडलेले तोंड, यांतले काही दिसले की पुढे पाठवायचे. दात टोचत असेल तर आधी तो घासून घ्यावा किंवा काढावा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. तरी व्रण तसाच असेल तर बायोप्सी. प्रत्यक्षात होते असे की बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचे जेल यांत दोन-तीन महिने जातात. दात हलतो म्हणून काढतात, खळगा भरत नाही, मग अँटिबायोटिक. दात का हलत होता हा प्रश्न कोणी विचारत नाही.

इथे आशाताईच्या फॉर्मबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. घरोघरी भरल्या जाणाऱ्या त्या फॉर्ममध्ये तंबाखूचा प्रश्न आहे. सिन्नर-निफाडकडची पन्नाशीची बाई त्यावर सरळ ‘नाही’ म्हणते आणि ती खोटे बोलत नसते. मशेरी हा तिच्या लेखी तंबाखू नाहीच, ते दात घासायचे आहे. ‘दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?’ असे विचारले की उत्तर बदलते. मावा आणि गुटख्याचेही तसेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे कोणी कागदावर कबूल करत नाही. ‘पुडी कोणती?’ असे विचारावे. फॉर्ममधल्या उत्तरांना मिळणारे गुण चारच्या वर गेले तरच बोलवायचे, असा एक गैरसमजही पसरला आहे. गुण फक्त आधी कोणाला बोलवायचे यासाठी आहेत; तपासणी तिशीपुढच्या सगळ्यांचीच करायची आहे.

आता चिठ्ठीकडे वळू. उपकेंद्रात संशय आला की बाईच्या हातात रेफरची चिठ्ठी पडते. त्या क्षणापासून ती कोणाची रुग्ण आहे? ग्रामीण भागातली उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आणि सिव्हिल जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. शहरात नवीन बिटको, डॉ. झाकीर हुसेन आणि बाकीचे दवाखाने महापालिकेचे. मालेगावची महापालिका वेगळी. शालिमारचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आरोग्य विभागाचे, पण ते फक्त आपल्याच जिल्ह्याचे नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि अहिल्यानगरहूनही रुग्ण तिथे येतात. सातपूर-अंबडच्या कामगारांसाठी कामगार विम्याचे, म्हणजे ईएसआयचे दार आणखी निराळे. आडगाव आणि घोटीजवळच्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, कर्करोगाची खासगी रुग्णालये हे त्याही पलीकडे. प्रत्येक दारावर नवा केसपेपर, नवा नंबर. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात सुरगाण्याहून येणाऱ्या बाईला नव्वदेक किलोमीटर यावे लागते, मालेगावहून शंभराच्या वर. सकाळच्या एसटीने निघून अकराला पोहोचले तर ओपीडीचा केसपेपर निघतो, पण डॉक्टर भेटेपर्यंत सोनोग्राफीची वेळ संपलेली असते. ‘उद्या या’ हे दोन शब्द शहरातल्या माणसाला किरकोळ वाटतात. रोजंदारीवरच्या बाईला त्यात दोन दिवसांची मजुरी, दोघांचे भाडे आणि मुक्काम असे सगळे आले. ती परत येत नाही तेव्हा कागदावर शेरा पडतो: ‘रुग्णाचे असहकार्य’.

अशी रुग्ण शोधायची म्हटली तरी सापडत नाही. फॉर्मवरचा मोबाईल नंबर नवऱ्याचा, मुलाचा किंवा चक्क आशाताईचा असतो. म्हणून दोन नंबर घ्यावेत, त्यांतला एक माहेरचा असला तर उत्तम. फोन कोणी उचलला हे कळल्याशिवाय ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारू नये. ‘सरकारी दवाखान्यातून बोलतोय, ताईंना अमुक दिवशी बोलावलंय’ एवढे पुरते. नाव पहिल्या दिवसापासून आधारकार्डावर आहे तसेच लिहावे. हे फार बारीक वाटेल, पण उपकेंद्रात सुमन, केसपेपरवर सुमनबाई आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर एस. बी. असे झाले की महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीत तोच रिपोर्ट अडकतो. योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण केमो किंवा रेडिएशनच्या मंजुरीला बायोप्सीचा कागद लागतो. तेव्हा सगळा आजार अडतो तो बायोप्सीपाशी.

बायोप्सीबद्दल म्हणूनच जरा सविस्तर लिहितो. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, ही गोष्ट आधी सांगावी म्हणजे बाई पळून जाणार नाही. पण कोणती साधी हे हाताला कळत नाही. तपासणी, मग चाळिशीपुढे मॅमोग्राफी आणि त्याआधी सोनोग्राफी, आणि मग ट्रूकट सुईने तुकडा, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. लहान सुईने पाणी-पेशी ओढून (एफएनएसी) कर्करोग आहे एवढे कळू शकते, पण उपचार कोणता ते ठरवणाऱ्या हार्मोनच्या आणि हर-२ च्या तपासण्यांना तुकडाच लागतो. त्यामुळे एफएनएसीनंतर पुन्हा बायोप्सी, म्हणजे पुन्हा एक फेरी. सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे ‘काढून टाकू, मग बघू’ म्हणून गाठ आधी कापणे. पुढे ती कर्करोगाची निघाली तर कडा कुठे होत्या, किती आजार उरला हे समजत नाही आणि दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठे होते. जागा बधिर करून १४ गेजच्या सुईने चार ते सहा तुकडे घ्यायला आणि नंतर जागा दाबून धरायला मिळून अर्धा तास पुरतो. भूलतज्ज्ञ लागत नाही, खाट अडत नाही. प्रशिक्षित सर्जन असलेल्या कोणत्याही उपजिल्हा रुग्णालयात हे होऊ शकते. तोंडाचा तुकडा दंत शल्यचिकित्सक घेऊ शकतात. तो व्रणाच्या मधून न घेता कडेवरून घ्यावा, कारण मधे मेलेला भाग असतो आणि रिपोर्ट ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा येतो.

तुकडा घेतला की वेळ मोजायला सुरुवात होते. तो तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा मुंबई नाक्यापर्यंत येईतो सडायला लागतो, आणि हा प्रकार आजही घडतो, कारण सलाइन प्रत्येक वॉर्डात असते आणि फॉर्मॅलिन नसते. ते करणे अवघड नाही: बाजारात मिळणारे फॉर्मॅलिन १०० मिलि, पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम. फॉस्फेट का, तर नुसते पातळ केलेले फॉर्मॅलिन आंबट होत जाते आणि पुढच्या तपासण्या बिघडवते. तुकड्याच्या दहापट द्रावण, रुंद तोंडाची बरणी (निमुळत्या तोंडाच्या बाटलीतून फुगलेला तुकडा फाटूनच बाहेर येतो), आणि चिकटपट्टी बरणीच्या अंगावर. झाकणावर नको, कारण प्रयोगशाळेत झाकणे बदलतात. सोबतच्या फॉर्मवर वय, जागा, बाजू (डावी की उजवी), तुकडा घेतल्याची वेळ आणि संपर्काचा नंबर. हार्मोनच्या तपासणीसाठी तुकडा किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये असावा. शुक्रवारी दुपारी घेतलेला तुकडा सुट्ट्यांमुळे मंगळवारी उघडला तर ही मर्यादा ओलांडलेली असते. म्हणून बायोप्सीचा दिवस आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा, असा आमचा आग्रह आहे. साध्या रिपोर्टला चार-पाच कामाचे दिवस आणि हार्मोनच्या तपासणीला आणखी आठवडा लागतो. रिपोर्टबरोबर मेणाचा ब्लॉक (यात तुकडा जपलेला असतो) आणि स्लाइडही रुग्णाला मिळाल्या पाहिजेत. पंचवटी एक्स्प्रेसने परळच्या टाटा रुग्णालयात गेलेल्या माणसाला तिथे पहिला प्रश्न ‘ब्लॉक आणलात का?’ हाच येतो. तो नसेल तर एक फेरी वाया किंवा नवी बायोप्सी.

नमुना पोहोचवायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. क्षयरोगाचे बेडके तालुक्यातून प्रयोगशाळेत जातातच. त्याच पिशवीत घट्ट झाकणाच्या दोन बरण्या, वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत आणि उभ्या ठेवून पाठवता येतील. क्षयरोगाचे रुग्ण २०१२ पासून निक्षय या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंदले जातात, औषध चुकले तर कोणीतरी घरी जाते. कर्करोगाच्या संशयिताला हा मान अजून मिळालेला नाही.

आमची सूचना अशी. जागतिक आरोग्य संघटनेने स्तनांच्या कर्करोगासाठी पहिल्या भेटीपासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे असे ध्येय ठेवले आहे. नाशिकने तेच तिन्ही कर्करोगांसाठी घ्यावे आणि त्याचे टप्पे पाडावेत: संशयापासून ७ दिवसांत बायोप्सी, पुढच्या १० दिवसांत रिपोर्ट, ३० व्या दिवसापर्यंत उपचार कुठे आणि कोणते हे ठरलेले. उरलेले ३० दिवस आपल्या जिल्ह्याच्या वास्तवासाठी राखीव, ते लागतात. कळवण, येवला, मालेगाव, सिन्नर आणि इगतपुरी अशी पाच बायोप्सी केंद्रे ठरवावीत, प्रत्येकाचा सोमवार किंवा मंगळवार पक्का. त्या दिवशी सर्जन, दंत शल्यचिकित्सक आणि सोनोग्राफी एकत्र, आणि चिठ्ठी घेऊन आलेल्याला केसपेपरची रांग नाही. शहरासाठी महापालिकेचे एक रुग्णालय त्याच पद्धतीने. पेठ आणि सुरगाण्याच्या रुग्णांसाठी त्या दिवशी वाहन. ते शक्य नसेल तर निदान दोघांचे एसटी भाडे हातात.

यादी एकच असावी आणि ती एका माणसाकडे असावी. या माणसाला समन्वयक म्हणा, काहीही म्हणा, पण त्याच्याकडे दुसरे काम नको. डॉक्टर असण्याची गरज नाही. फोनवर नीट बोलणारी, तालुके ओळखणारी, चिकाटीची परिचारिका सर्वांत उत्तम. तिच्या वहीत (संगणकावर असली तर चांगलेच, पण वही अडवून ठेवू नका) नऊ रकाने पुरतात: नाव, गाव, दोन नंबर, काय आढळले, संशयाची तारीख, बायोप्सीची तारीख, रिपोर्टची तारीख व निष्कर्ष, उपचार सुरू झाल्याची तारीख, आजाराचा टप्पा. सहावा रकाना आठव्या दिवशी रिकामा दिसला की तिने आशाताईला फोन करायचा, पंधराव्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याला, एकविसाव्या दिवशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला. रिपोर्ट साधा निघाला तरी फोन करायचा. नाहीतर ती बाई वर्षभर घाबरून राहते आणि गावात ‘तिला कॅन्सर निघालाय’ हे पसरते, मग पुढच्या शिबिराला कोणी येत नाही. आशाताईचा मोबदला फॉर्म भरण्याबरोबरच बायोप्सी पूर्ण होण्याशीही जोडावा. आणि महिन्यातून एकदा जिल्हा परिषद, सिव्हिल, दोन्ही महापालिका, संदर्भ रुग्णालय, ईएसआय, वैद्यकीय महाविद्यालये आणि योजनेचे आरोग्यमित्र यांनी एका टेबलावर बसून फक्त रिकामे रकाने वाचावेत. एवढे विभाग एकत्र कसे बसणार, असे कोणी म्हणेल. सिंहस्थासाठी बसतातच की. गोदाकाठी हरवलेल्या माणसाला शोधायला आपण कक्ष उघडतो, तसाच हा एक.

टप्प्याचा रकाना शेवटी असला तरी सर्वांत मोलाचा तोच. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, म्हणजे गावपातळीवर हे जमत नाही असे म्हणायची सोय नाही. नाशिकच्या रुग्णांत पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले किती आणि तिसऱ्या-चौथ्यातले किती, हे दर वर्षी कळले तर आपले शिबिरांवरचे पैसे कुठे जातात तेही कळेल.

वेळापत्रकाबद्दल एक. शिबिरांच्या तारखा मुंबई-दिल्लीच्या दिनविशेषांवरून ठरतात, नाशिकच्या शेतावरून नाही. दिवाळीनंतर सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकच्या पाड्यांवरची कामाची माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत असतात. जानेवारीत पाड्यावर तपासणी लावली तर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच भेटतील. तेव्हा टेबल बागेच्या मालकाच्या शेडमध्ये लावावे, पिंपळगावच्या परिसरात, काम सुटल्यावर. ही माणसे शिमग्याला घरी परततात. पाड्यांवर जायचे ते तेव्हा. जुलैत भाताची आवणी (लावणी), म्हणून इगतपुरी-पेठला कोणी फिरकणार नाही. लासलगाव, चांदवडकडे कांदा लागवडीचे आठवडे टाळावेत. मालेगावात यंत्रमागाची सुट्टी शुक्रवारी, आणि माहिती उर्दूत हवी. बागलाण-कळवणला अहिराणीतून बोलले की निम्मे काम तिथेच होते.

जागृतीचा मजकूर हाही दुरुस्तीला आला आहे. गुलाबी फीत आणि ‘घाबरू नका’ यांनी कोणी दवाखान्यात येत नाही. सांगायचे ते इतके नेमके असावे: न दुखणारी गाठही दाखवायची, कारण सुरुवातीला ती दुखतच नाही. पाळी गेल्यावर एक डाग जरी पडला तरी दाखवायचा, संबंधानंतर रक्त आले तरी. तोंडातली जखम तीन आठवडे थांबली तर दाखवायची. आवाज तीन आठवडे बसलेला, गिळताना अडकते, शौचातून रक्त जाते आणि मूळव्याधीचे औषध चालू आहे पण बोट घालून कोणी तपासलेले नाही, हेही त्यात यावे. खोकल्याचे रुग्ण बेडका निगेटिव्ह आल्यावरही क्षयरोगाच्या औषधावर महिनोन्‌महिने राहतात. औषधाने फरक नसेल तर छातीचा सीटी काढायचा, हे त्या रुग्णालाही माहीत असावे. आणि ‘सुई लावली, कापले की पसरतो’ या भीतीला उत्तर द्यावेच लागेल, टाळून चालणार नाही. लोकांनी पाहिलेले असते ते खरे असते: बायोप्सी झाली आणि दोन महिन्यांत माणूस गेला. मधले कारण त्यांना दिसत नाही. तो माणूस सुईने गेला नाही. सुईपर्यंत पोहोचायलाच त्याला वर्ष लागले.

सांगणारा माणूसही निवडावा लागतो. औषध दुकानदाराकडे तोंडाच्या जेलची तिसरी ट्यूब मागणारा माणूस डॉक्टरच्या आधी येतो. जिल्ह्यातल्या दुकानदारांच्या संघटनेने ‘तिसऱ्या ट्यूबला दंतवैद्याचा पत्ता’ एवढे ठरवले तरी पुष्कळ होईल. खासगी दंतवैद्य, गावातले जनरल प्रॅक्टिशनर, वैदू यांना चिठ्ठीचे छापील पुस्तक द्यावे आणि त्यांच्या चिठ्ठीला सरकारी चिठ्ठीइतकाच मान द्यावा. आज खासगीतून पाठवलेला रुग्ण सरकारी दारात पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

एका बाबतीत मात्र सबुरी हवी. पुढची सोय उभी राहण्याआधी तपासण्यांचे आकडे दुप्पट करू नयेत. ज्या तालुक्याला बायोप्सीचा वार नाही, तिथे तपासणी म्हणजे बाईच्या हातात नुसती भीती देणे. गर्भाशयमुखावरचा पूर्वकर्करोगाचा डाग तर थर्मल ॲब्लेशनच्या यंत्राने, १०० अंशांवर, भूल न देता, मिनिटभरात जाळता येतो. यंत्र हातात मावते, बॅटरीवर चालते, गॅसच्या टाकीची वाट पाहावी लागत नाही. डाग पूर्ण दिसत असेल, आतल्या नळीत शिरलेला नसेल आणि कर्करोगाचा संशय नसेल तर त्याच दिवशी काम होते. पाच केंद्रांना पाच यंत्रे, इथून सुरुवात करावी.

संपादक महोदय, आपल्याकडून मागणे लहान आहे. शिबिराची बातमी घ्याल तेव्हा आयोजकांना, मग ती संस्था असो की सरकारी विभाग, मागच्या वर्षीच्या संशयितांपैकी किती जणींची बायोप्सी झाली हे विचारा, आणि उत्तर आले नाही तर ‘माहिती उपलब्ध झाली नाही’ असे छापा. आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक तालुक्यापुढे फक्त चार आकडे असलेली चौकट द्या: संशयित, बायोप्सी झालेल्या, ६० दिवसांत निदान झालेल्या, उपचार सुरू झालेल्या. पहिली चौकट बरीचशी रिकामी असेल. ती तशीच छापावी.

कळावे,

कर्करोग तपासणी आणि निदानाच्या कामातील काही डॉक्टर, परिचारिका व गटप्रवर्तक
नाशिक

(नावे व पत्ते आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे दिले आहेत.)